दोघांकडे दाखवलेलं बोट

"हात सैल सोडा. तुम्ही दाबू नका, मी दाबते," काउंटरवरची बाई म्हणाली आणि तिने माझा अंगठा पुन्हा काचेवर टेकवला. मशीनने पुन्हा तोच नाराजीचा आवाज काढला.

मी तेव्हा अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे. दिवसभर हात धुवायचे, हातमोजे चढवायचे, उतरवायचे, पुन्हा धुवायचे. बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. बाईला त्याचं काही वाटलं नाही. "हॉस्पिटलातले आणि गवंडी, दोघांचेही अंगठे असेच त्रास देतात," ती म्हणाली.

"या ठशांचं पुढे काय करता?"

"तुमच्या नावावर कुठे काही आहे का ते बघतात. नसलं की नवीन कार्ड पोस्टाने घरी. हे सगळ्यांचंच करतात, काळजी नका करू."

काळजी मी करतच नव्हते. ग्रीन कार्डाची दहा वर्षं भरत आली होती आणि ते नवीन करून घ्यायचं होतं, एवढंच. अर्जात नाव, पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग विचारला होता. दुसरं काही विचारलं नव्हतं, म्हणून तर मी तो भरायला धजावले. माझ्याबरोबर आलेले सगळे केव्हाच अमेरिकन नागरिक झाले होते. मी झाले नव्हते, कारण नागरिकत्वाच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? त्यापुढे 'हो' लिहायची माझी तयारी नव्हती. जे मी केलंच नव्हतं त्याच्यासाठी 'हो' का लिहायचं?

शेवटी अंगठा उमटला. मी घरी गेले आणि रविवारी चाळीसगावला वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन करून सांगितलं, "आता कार्ड आलं की तिकीट काढते."

अण्णांच्या किडन्या त्या वर्षी निकामी झाल्या होत्या. माझा धाकटा भाऊ उमेश त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धुळ्याला नेत असे. अण्णांनी कधी 'ये' म्हटलं नाही. ते फक्त विचारायचे, "तिकडे आता थंडी आहे का गं?" मी 'हो' म्हटलं की म्हणायचे, "मग थंडी सरल्यावर ये." मी 'नाही' म्हटलं की म्हणायचे, "मग बरंय, प्रवासाला बरी हवा."

कार्ड आलं नाही, पत्र आलं. ठशांवरून तुमच्या नावे अटकेची नोंद सापडली आहे, त्या प्रकरणाच्या निकालाची कोर्टाची प्रमाणित प्रत सादर करा, ठरलेल्या मुदतीत न केल्यास अर्ज फेटाळण्यात येईल. खाली सही नव्हती, फक्त पदनाम होतं.

लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला पॅट्रिशिया नावाच्या वकिलीणबाईंकडे पाठवलं. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलताना पेन्सिल टेबलावर आपटायची सवय. त्यांनी पत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय केलं होतं तुम्ही?"

"काही नाही."

"सगळे हेच म्हणतात. काय झालं होतं ते सांगा."

मी सांगितलं. इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून तुटक तुटक सांगितलं. लग्न होऊन मी ब्रायर्टन नावाच्या गावात शिरीषकडे आले. तो तिथे एका कारखान्यात इंजिनीअर होता. त्याची आई, माई, मिरजेहून येऊन आमच्याकडेच राहायच्या. शिरीष मारायचा. कधी मीठ जास्त झालं म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून. एका संध्याकाळी त्याने मला केस धरून भिंतीवर आपटलं. त्याचा आवाज पलीकडे गेला आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. दोन पोलीस आले. शिरीष त्यांच्याशी शांतपणे, चांगल्या इंग्रजीत बोलू लागला. माझ्या तोंडून इंग्रजी तर सोडाच, मराठीही फुटेना. त्याच्या गालावर माझ्या नखाचा एक ओरखडा होता, सुटायची धडपड करताना लागलेला. पोलिसाने माईंना विचारलं, कुणी मारलं? माईंना इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून त्याने हातवारे करून विचारलं. माई गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी शिरीषकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे.

"म्हणून दोघांनाही नेलं," पॅट्रिशिया म्हणाल्या.

"हो. दुसऱ्या दिवशी दुपारी मला सोडून दिलं. म्हणाले, तुमच्यावर काही खटला नाही, जा. तिथूनच एका संस्थेच्या बाई मला त्यांच्या निवाऱ्यात घेऊन गेल्या. मी परत त्या घरात गेले नाही. पुढे घटस्फोट झाला."

"सोडलं त्याचा कागद दिला होता?"

"नाही."

पेन्सिल थांबली. "तुम्ही निर्दोष आहात हे मला कळतं. पण बाई, त्यांच्याकडे तुम्हाला धरल्याची नोंद आहे आणि सोडल्याची नाही."

मी अण्णांचं सांगितलं. आत्ता जाऊन येऊ का, अर्जाची पोचपावती आहे माझ्याकडे, त्यावर प्रवास करता येतो म्हणतात.

"जाताना कुणी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "येताना विमानतळावर हीच नोंद त्यांच्या पडद्यावर येईल. घरातल्या मारहाणीची अटक आहे ही, साधी नाही. तुम्हाला बाजूला बसवतील, कार्ड काढून घेतील, आणि मग मी इथून कितीही फोन केले तरी उपयोग नाही. नोकरी, घर, सगळं इथे आहे ना तुमचं? मग हे निस्तरेपर्यंत थांबा."

मी थांबले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

सुट्टी काढून मी ब्रायर्टनला गेले. चार तासांचा रस्ता. पोलीस ठाण्यातल्या रेकॉर्डच्या खिडकीवर एक तरुण पोरगी च्युइंग गम चघळत बसली होती. तिने नाव टाकलं. "आहे. अटक आहे."

"आणि पुढे सोडून दिलं, ते?"

"ते आमच्याकडे नसतं. ते कोर्टात."

कोर्ट रस्त्याच्या पलीकडेच होतं. तिथल्या गृहस्थाने नाव दोनदा टाकलं, स्पेलिंग बदलून तिसऱ्यांदा टाकलं. "तुमच्यावर खटलाच नाही इथे."

"तेच तर. खटला नाही असं मला लिहून द्या."

"खटला असेल तर त्याची प्रत देतो मी. नसलेल्याची प्रत कशी देणार?"

"मग सोडून दिल्याचा कागद कोण देईल?"

"सरकारी वकिलांचं ऑफिस. खटला करायचा की नाही ते ते ठरवतात."

सरकारी वकिलांचं ऑफिस वरच्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं की तेव्हाच्या फायली तळघरात होत्या आणि मध्यंतरी तळघरात पाणी शिरलं. काही वाचल्या, काही टाकून द्याव्या लागल्या. "पण पोलिसांकडे असेल की," त्या म्हणाल्या.

मी जिना उतरले, रस्ता ओलांडला, पुन्हा त्या पोरीसमोर उभी राहिले. तिने मला ओळखलं नाही. नाव विचारलं, टाकलं आणि म्हणाली, "आहे. अटक आहे."

मला तिची काच फोडावीशी वाटली. खरंच वाटली. मग वाटलं, फोडली तर निदान ही अटक तरी खरी असेल.

पॅट्रिशियांनी फोनाफोनी करून कोर्टाकडून एका ओळीचं पत्र मिळवलं: या नावाने कोणतीही नोंद आढळली नाही. ते मुदतीत पाठवलं. मग सुरू झालं वाट पाहणं. इमिग्रेशनच्या वेबसाइटवर आपला नंबर टाकला की एक ओळ दिसायची: पार्श्वभूमीची तपासणी सुरू आहे. सकाळी चहा घेताना मी ती बघायचे, लॅबमध्ये जेवताना बघायचे. फोन केला तर यंत्र बोलायचं. यंत्राला ओलांडून माणसापर्यंत पोचलं तर तो माणूस वेबसाइटवरची तीच ओळ वाचून दाखवायचा.

"पण तपासताय काय?" एकाला मी विचारलं. "तुमच्याकडे पत्र आलंय, त्यात सगळं आहे."

"मॅडम, तुमची तपासणी सुरू आहे."

उन्हाळा गेला. अण्णांचा आवाज फोनवर लहान होत चालला. एका रविवारी त्यांनी थंडीचं विचारलं नाही. उमेश बाजूला जाऊन म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. तुझं काय ते कार्ड, अजून नाहीच का? गुन्हेगार समजतात की काय तुला तिथे?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं. त्याला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी मी पॅट्रिशियांच्या ऑफिसात जाऊन बसले. त्यांनी बराच वेळ पेन्सिल आपटली. "एक उपाय आहे. जिथे कागद नष्ट झालेत तिथे प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाचं शपथेवरचं निवेदन चालतं. त्या संध्याकाळी त्या घरात आणखी कोण होतं?"

 त्यांना उत्तर माहीत होतं.

ब्रायर्टनचं घर तेच होतं, फक्त दाराचा रंग बदलला होता. मी मुद्दाम कामाच्या दिवशी, भर दुपारी गेले. शिरीष कारखान्यात असणार. बेल वाजवून मी पायरीवरून एक पाऊल मागे सरकले. इतक्या वर्षांनीही त्या दारात मला पुढे उभं राहवेना.

दार साखळीइतकंच उघडलं. फटीत चष्मा दिसला.

"सन नो होम," माई म्हणाल्या.

"माई, मी चारू."

दार बंद झालं. मला वाटलं, संपलं. मग साखळी काढल्याचा आवाज आला.

माई खूप वाळल्या होत्या. नऊवारीच्या जागी ढगळ पँट आणि स्वेटर आला होता. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, खुर्ची दाखवली आणि स्वतः गॅसपाशी उभ्या राहिल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं ते तिथेच.

"बस की. पाणी घेतीस?"

"नको. तुमच्याकडे काम आहे."

मी सांगायला सुरुवात केली. ठसे, पत्र, पोलीस, कोर्ट, तळघर. त्यांना किती कळलं कोण जाणे. पॅट्रिशियांनी टाइप करून दिलेला इंग्रजी मजकूर मी बाहेर काढला आणि मराठीत वाचून दाखवला. माझा मुलगा शिरीष याने माझ्या सुनेला मारहाण केली. सुनेने त्याला मारले नाही. पोलिसांना मी चुकीचे सांगितले.

माई ओट्यावरच्या फडक्याची चौकोनी घडी घालत राहिल्या.

"मी ह्याच घरात राहते, चारू," त्या म्हणाल्या. "त्याच्याच पैशानं जेवते. माझा पासपोर्टसुद्धा त्याच्या कपाटात असतो."

"माहीत आहे."

"आणि तू म्हणतीस, असं लिहून दे."

"जे झालं तेच लिहा म्हणते. जास्त काही नाही."

"अण्णा कसे आहेत?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. वाटलं, विषय बदलतायत. "मरायला टेकलेत," मी म्हटलं. "आणि मला जाता येत नाही. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवलंत म्हणून जाता येत नाही."

माईंनी फडकं खाली ठेवलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "लग्नात मला गाडी लागली होती. तुझ्या वडिलांनी त्या गडबडीत कुठनं तरी आवळासुपारी पैदा केली होती. वरमाय म्हणून नव्हे, माझं तोंड पांढरं पडलेलं बघून." मग म्हणाल्या, "त्या बाईचा कागद नको. मला वाचता येत नाही त्याच्यावर मी सही करायची नाही. कोरा कागद दे. माझ्या हातानं लिहिते."

त्या लिहू लागल्या. सातवीपर्यंतचं शिक्षण, मोठं मोठं अक्षर, प्रत्येक शब्द ओठांनी पुटपुटत. माझा मुलगा शिरीष सुनेला नेहमी मारत असे. त्या दिवशीही त्यानेच मारले. सुनेने हात उचलला नाही. पोलिसांनी विचारले तेव्हा मी दोघांकडे बोट दाखवले, कारण...

"कारण नको लिहायला, माई. वकीलबाई म्हणाल्यात, थोडक्यात लिहा."

पेन थांबलं. माईंनी मान वर केली. "तुला पण नको आहे ऐकायला?"

मी टाइप केलेला मजकूर घडी करून पर्समध्ये ठेवला. त्याचा अर्थ त्यांनी हवा तसा घेतला.

"एकट्या त्याला नेलं असतं, तर सकाळी सुटून आला असता. पोलीस घरात आणले म्हणून त्यानं तुला जिवंत सोडलं नसतं. मला त्याचा बाप माहीत होता, त्यामुळं तो पण माहीत होता. मी काय करणार होते मधे पडून? मला वाटलं, तुला पण नेऊ देत. तिथं चार माणसं असतील. तिथं तरी त्याचा हात पोचणार नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली. "मग दुसऱ्या दिवशी मला न्यायला का नाही आलात? एक फोन नाही, निरोप नाही. मी जिवंत आहे की नाही तेही विचारलं नाहीत!"

"न्यायला येऊन कुठं नेणार होते?" माई म्हणाल्या. "इथंच ना?"

त्यांनी मान खाली घातली आणि 'कारण' हा शब्द खोडला. त्या सांगत होत्या ते खरं होतं, की इतकी वर्षं मनात घोळवून घोळवून तयार झालेलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांची नजर त्या दिवशी कशी होती ते मी आठवायचा खूप प्रयत्न केला आहे. मला फक्त बोट आठवतं.

सही नोटरीसमोर करायची होती. माईंकडे ओळखपत्र होतं, बसच्या सवलतीसाठी काढलेलं. मी त्यांना गाडीत घालून बँकेत नेलं. तिथल्या टाय लावलेल्या पोराने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ही कुठली भाषा?"

"मराठी."

"मला वाचता येत नाही त्या कागदावर मी शिक्का मारत नाही."

"तुम्हाला वाचायचं नाहीये. ह्याच बाईंनी सही केली एवढंच बघायचं आहे तुम्ही."

"मॅनेजर आल्यावर या."

"कधी येतील?"

"सोमवारी."

मी वाद घालत होते आणि माई काउंटरला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "तुमचं अक्षर आवडलं नाही त्याला." त्या दिवसात पहिल्यांदाच त्या हसल्या.

शेवटी पार्सलं पाठवायच्या एका दुकानात म्हातारा नोटरी भेटला. त्याने माईंचा फोटो बघितला, माईंना बघितलं, सही करायला पेन दिलं आणि शिक्का मारला. सगळं मिळून एक चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.

परतताना मी विचारलं, "कोपऱ्यावर सोडू का? शेजारी बघतील."

"दारापर्यंत सोड. मी त्याला सांगणारच आहे."

"माई, कशाला? त्याला कळायची काही गरज नाही."

"दुसरीकडनं कळलं तर तो तुझ्या मागं लागेल. मी सांगितलं तर माझ्यावर निभावेल." त्या उतरल्या. खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आता जा तू. वडिलांना भेट."

दुसऱ्या दिवशी शिरीषचा फोन आला. नंबर कुठून मिळवला देव जाणे. "माझ्या म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढून तिच्याकडून काय लिहून घेतलंस?" आवाज तोच, शांत, चांगला.  मी फोन ठेवला आणि लगेच पॅट्रिशियांना लावला. माईंचं काही वाईट तर होणार नाही ना, हे मी त्यांना दोनदा विचारलं. त्यांनी ब्रायर्टनच्या पोलिसांना घरी डोकावायला सांगितलं. पोलीस जाऊन आले. म्हातारी बाई ठीक आहेत, बॅग भरतायत, असं कळलं.

माईंचा मराठी कागद, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि वर पॅट्रिशियांचं पत्र, असं जाड पाकीट इमिग्रेशनला गेलं. वेबसाइटवर तीच ओळ होती.

पुढच्या आठवड्यात मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा खिशातला फोन थरथरला. मी रक्त काढलं, कापूस दाबला, नळीवर नाव चिकटवलं, मग बाहेर जाऊन बघितलं. उमेशचे लागोपाठ फोन होते. अण्णा धुळ्याच्या वाटेवर गाडीतच गेले होते. उमेश म्हणाला, "ताई, आम्ही थांबत नाही. थांबून उपयोग नाही ना?" मी म्हटलं, "नाही. नका थांबू."

कार्ड त्यानंतर चार-पाच दिवसांनी आलं. साधं पाकीट, जाहिरातींच्या कागदांत अडकलेलं. हिरवट, चकचकीत, माझा फोटो आणि खाली माझ्या अंगठ्याचा ठसा. मी ते तसंच टेबलावर ठेवलं आणि पॅट्रिशियांना कळवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मंजुरीची नोटीस त्यांच्याकडेही आली होती.

"त्यावरची तारीख बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो पडला होता. "आपलं पाकीट पाठवायच्या आधीची आहे. तुम्ही ब्रायर्टनला सासूबाईंकडे गेलात ना, त्याच्याही आधीची."

"म्हणजे?"

"म्हणजे कोर्टाचं ते एका ओळीचं पत्रच त्यांना पुरलं. मंजूर करून ठेवलं होतं. छापायला, पाठवायला वेळ लागला. वेबसाइट कुणी बदलली नाही."

"पण मग मला सांगितलं का नाही? अण्णा होते तेव्हा. मी जाऊ शकले असते."

"हो," पॅट्रिशिया म्हणाल्या. "जाऊ शकला असतात."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. कुणावर ओरडावं तेच कळत नव्हतं. त्या पत्रांखाली कुणाची सही नव्हती. महिनाभराने जाड पाकीटही परत आलं. प्रकरण बंद झाल्याने स्वीकारले नाही, असा शिक्का वर होता आणि डिंकाची पट्टी जशीच्या तशी होती. माईंनी लिहिलेलं तिथल्या एकाही माणसाने पाहिलं नव्हतं.

मी चाळीसगावला गेले तेव्हा दहावं, बारावं सगळं उरकलं होतं. अण्णांची खाट उमेशने उभी करून ठेवली होती. मी तिथे राहिले, नातेवाइकांना भेटले, 'उशीर झाला गं' हे पुन्हा पुन्हा ऐकलं. परतायच्या आधी मिरजेला जायचं ठरवलं. माई तिथे आल्याचं मला शिरीषच्या एका जुन्या मित्राकडून कळलं होतं. शिरीषने त्यांना तिकीट काढून भारतात पाठवलं होतं आणि परतीचं काढलं नव्हतं.

माई भाचीच्या घरी राहत होत्या. रेल्वे फाटकाजवळ दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड. पुन्हा नऊवारीत होत्या आणि मला बघून इतक्या घाईने उठल्या की भाचीने त्यांचा दंड धरला.

"आलीस? बस, बस. जेवूनच जायचं."

त्यांनी स्वतः पान वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. शिरीषचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. आपल्याला इथे बरं वाटतं, असं त्यांनी दोनतीनदा सांगितलं. रात्री फाटकावरून गाड्या जातात त्याची सवय झाली म्हणाल्या. भाचीने मात्र त्या आत गेल्यावर हळूच सांगितलं की पोस्टमन दिसला की मावशी दारात जाऊन उभी राहते.

मी पहिला घास घेतला आणि माई माझ्यासमोर पाटावर बसल्या. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी तोवर धरून ठेवलं होतं.

"कार्ड मिळालं ना?"

"मिळालं, माई."

"त्या कागदाचा उपयोग झाला?"

"त्याच्यामुळेच मिळालं," मी म्हटलं. "वकीलबाई म्हणाल्या, तुमचा कागद नसता तर काही खरं नव्हतं."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. पदराने ओठ पुसले, उगाचच. मग एकदम सावरून बसल्या.

"आणि वडील? भेटले ना?"

भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता. बाहेर फाटक पडल्याची घंटा वाजायला लागली होती.

"भेटले," मी म्हटलं.

"काय म्हणाले तुला बघून?"

मी अण्णांचा आवाज आठवला. फोनवर लहान होत गेलेला तो नाही, त्याच्या आधीचा.

"म्हणाले, बारीक झालीस."

"झालीच आहेस की," माई म्हणाल्या आणि नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.